हाकेला येणारी म्हैस

रिटायर झाल्यावर तिसऱ्या महिन्यात माझ्या डोक्यात भुंगा शिरला. आपण जगलो ते कशासाठी? प्रश्न काही नवा नाही, पण माझ्याकडं तो पहिल्यांदाच आला होता आणि आला तो मुक्कामालाच. वीज कंपनीत मी चौतीस वर्षं मीटर तपासले. मीटर पळतोय, रांगतोय की गप बसलाय हे बघायचं, लिहायचं आणि पुढच्या घरी जायचं. आता पुढचं घर नव्हतं. पहाटे साडेपाचला जाग यायची आणि नऊपर्यंत मी शाहूपुरीतल्या आमच्या फ्लॅटात हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल अशा येरझाऱ्या घालत बसायचो.

"आवं, एका जागी बसा की," बायको म्हणायची. "फरशी झिजंल."

बसायला जमत नव्हतं. मग मी प्रश्न घेऊन गावभर फिरलो. रंकाळ्यावरच्या हास्य क्लबात गेलो. तिथं एक म्हातारे मास्तर दोन्ही हात वर करून सांगायचे, आनंद हाच जीवनाचा हेतू, हसा! चौथ्या दिवशी हसता हसता मी शेजारच्याला विचारलं, आपण कशाला हसतोय? तो म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय." मग मौनाच्या शिबिराला गेलो. तोंड बंद झालं तसं डोकं दुप्पट बोलायला लागलं. सहाव्या दिवशी पिशवी उचलून पळून आलो. मेव्हणा त्याच्या महाराजांकडं घेऊन गेला. तिथं कळलं की हा जन्म म्हणजे नुसती वेटिंग रूम, खरी गाडी पुढं आहे. मी म्हटलं, एवढा वेळ वेटिंग रूममध्ये बसवून घेणारी गाडी गेली चुलीत. मेव्हणा अजून माझ्याशी धड बोलत नाही. पुण्याच्या मुलीला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, एखादा छंद लावून घ्या." बायकोला विचारलं तर तिनं मेथीची जुडी पुढ्यात टाकली, म्हणाली, "निवडा."

मला चीड यायची ती ह्याची, की प्रत्येकाजवळ उत्तर तयार होतं आणि प्रश्न कुणालाच पडलेला नव्हता. आणि सगळ्यात पक्कं उत्तर होतं माझ्या थोरल्या भावाजवळ.

थोरला माझ्याहून सात वर्षांनी मोठा. नदीकडं उतरणाऱ्या पेठेतल्या गल्लीत आमचं वडिलांचं घर, पुढं दोन खोल्या, मागं गोठा. त्यानं नववीत शाळा सोडली आणि म्हशी धरल्या, त्या आजतागायत सोडल्या नाहीत. मी शिकलो, नोकरीला लागलो, फ्लॅट घेतला आणि मनातल्या मनात त्याला कमी समजत आलो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. त्याच्या अंगाला शेणाचा वास यायचा म्हणून मी माझ्या साहेबाला त्याच्या घरी कधी नेलं नाही.

चार म्हशींतली एक त्याची खास होती. नाव सांगत नाही. इथं माणसांचीच नावं लिहिली नाहीत तर म्हशीचं कुठं लिहू? काळी कुळकुळीत, शिंगं मागं गेलेली, डोळ्यांत कायमचा तुच्छपणा. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्याला सरळ विचारलं, "दादा, आपण जगतो कशासाठी रे?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी वाट चुकून आलोय. "थांब, दावतो," म्हणाला. म्हशीचं दावं सोडलं, तिला गल्लीत आणून उभी केली. स्वतः आपल्या जुन्या मोटरसायकलवर बसला. त्या गाडीच्या सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी त्यानं काढून टाकलेली, त्यामुळं किक मारली की अख्ख्या पेठेला कळायचं. गल्लीच्या पार टोकाला जाऊन तो ओरडला, "ह्या ऽऽ ये, ये, ये!" आणि ती म्हैस, एवढं धूड, पोट हलवत धावत सुटली. गाडीच्या मागोमाग वळली, मागोमाग परत आली आणि त्याच्यापुढं येऊन थांबली.

"बघिटलंस? म्या हाक मारली की ती येत्या. दुसऱ्या कुणाच्या बापाच्या हाकंला येत न्हाय. येवढं बास हाय मला."

"म्हणजे म्हशीसाठी जगतोयस व्हय?"

"आन तू मीटरसाठी जगलास की लेका. मीटर येतोय काय हाकंला?"

गल्लीतली दोन-चार माणसं खो खो हसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. चहा न घेता निघून आलो.

श्रावणात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. अठरा दिवस दवाखान्यात काढून घरी आणला तेव्हा तोंडातून नुसता घशातला आवाज निघत होता, शब्द एक नाही. ज्याची हाक नदीच्या घाटापर्यंत जायची त्याला पाणी मागता येईना. मी त्याच्या उशाशी बसायचो आणि मला वाटायचं, आता ह्याला विचारावं काय तो प्रश्न? पण धाडस झालं नाही.

तीन म्हशी वहिनीनं विकून टाकल्या. चौथी राहिली, कारण ती गेली असती तर थोरला उठलाच नसता. घरी व्यायाम करून घ्यायला एक पोरगी यायची. ती म्हणाली, "काकांना खोलीत चालवा म्हटलं तर पाय उचलत नाहीत. गोठ्याकडं तोंड केलं की उचलतात." रोज सकाळी वहिनी त्याला बगलेत धरून गोठ्यात नेऊन खुर्चीवर बसवायची. तो डावा हात म्हशीच्या पाठीवर ठेवायचा, तेव्हा कुठं ती पान्हा सोडायची. तो नसला तर कासेला कितीही हात लावा, दगड.

पण वहिनी थकली होती. तिचं वय साठीच्या वर, एकुलती लेक कागलात दिलेली, ती येऊन जाऊन. एकदा तिनं माझ्यापुढं बादली आदळली. "भावजी, मी मानूस उचलू का श्याण उचलू? तुमीच सांगा. दिवाळी झाली की गडहिंग्लजचा पावणा येनार हाय, त्यो घिऊन जाईल हिला. मला न्हाय रेटत आता."

तिचं काही चुकत नव्हतं. थोरला खुर्चीवर बसून सगळं ऐकत होता. त्यानं डोळे मिटून घेतले. म्हैस गेली की हा भिंतीकडं तोंड करून झोपेल आणि मग उठणार नाही, हे मला, वहिनीला, त्या व्यायामाच्या पोरीला, सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा मला कल्पना सुचली. आमच्याकडं दिवाळीत पाडव्याला आणि भाऊबीजेला म्हशी पळवतात. त्यांना भादरून, तेल लावून, शिंगं रंगवून, कवड्यांच्या माळा आणि मोरपिसं घालून गल्लीत आणायचं, मालकानं गाडीवर पुढं सुटायचं आणि म्हैस त्याच्या मागं धावायची. गर्दी नुसती पेटते. थोरल्यानं वीस-बावीस वर्षांत एक पाडवा चुकवला नव्हता. मी ठरवलं, ह्या वर्षी म्हैस मी पळवायची. थोरला दारात बसून बघेल, खूश होईल. म्हैस माझ्या हाताला लागली की सकाळ-संध्याकाळ मी येऊन सगळं करीन, मग वहिनीला ती विकायची गरज नाही. आणि खरं सांगू? मला काम हवं होतं. येरझाऱ्या घालून मी बेजार झालो होतो.

थोरल्याला विचारलं, "दादा, पाडव्याला म्हस मी पळवू काय?"

त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. घशातून आवाज काढला, डावा हात हलवला. मी ते हो असं धरलं आणि लागलो कामाला.

पहिलं काम मी काय केलं असेल, तर गाडी दुरुस्तीला टाकली. तेल बदललं, चेन आवळली आणि मेस्त्रीला सांगून सायलेन्सरमध्ये नवी पुंगळी बसवली. मी सरकारी शिस्तीतला माणूस, आवाज करत फिरायला मला लाज वाटते. मग रोज संध्याकाळी नदीकाठच्या मोकळ्या रानात म्हैस घेऊन जायला लागलो. गाडी चालू करायची, पुढं जायचं, ओरडायचं, "ह्या ऽऽ ये, ये, ये!" म्हैस गवत खायची. थोरल्याचा शर्ट घातला, त्याचा पट्टा बांधला, पाटीत सरकी-पेंड दाखवली. तिनं पेंड खाल्ली आणि पुन्हा गवत खायला लागली. गल्लीतला म्हातारा पेंटर रोज बांधावर बसून हे बघायचा. जातीचा कसबी माणूस. एकेकाळी शाहूपुरीतल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि त्याचं काम गेलं, आता वर्षातून दोन दिवस म्हशींची शिंगं रंगवायचा.

"चाचा, तुम्ही कशासाठी जगता?" मी एकदा वैतागून त्यालाही विचारून टाकलं.

"अक्षर सरळ आलं पायजे," तो म्हणाला. "बास, येवढंच की." आता पाट्याच नाहीत तर कसलं अक्षर, असं मी विचारणार होतो, पण त्याच्या नखांत मुरलेला रंग बघितला आणि म्हशीला पुन्हा पेंड दाखवायला गेलो.

अकराव्या दिवशी माझ्यातला मीटर तपासणारा जागा झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमचा नियम. शर्ट बदलून झाला, हाक बदलून झाली, पेंड झाली. राहिलं काय? गाडी. मी एक बोल्ट काढून पुंगळी ओढून बाहेर काढली आणि किक मारली. असा फाटका आवाज उठला की झाडावरचे बगळे उडाले. म्हशीनं मान वर केली. कान फिरवले. आणि सुटली की हो! मी हाक मारलीसुद्धा नव्हती. मी रानाला गोल चक्कर मारली, ती मागं. थांबलो, ती थांबली. दुसऱ्या पोरांच्या गाड्या रस्त्यानं तशाच भडभडत गेल्या तर हिनं ढुंकून बघितलं नाही. हिला फक्त ह्याच गाडीचा आवाज कळत होता.

मी आनंदानं वेडा झालो. "चाचा, सापडलं! ही हाकेला येतच नाही. कधीच येत नव्हती. गाडीच्या आवाजाला येते!"

पेंटर बांधावरून उठला. "साहेब," म्हणाला, "हे कुनाला बोलू नका."

"का?"

"नका म्हनतोय तर नका."

मला राग आला. चौतीस वर्षं मी खरं-खोटंच तपासत आलो, आणि खरं सापडलं की बोलायचं नाही?

पाडव्याला गल्ली भरली होती. पेंटरनं शिंगं लाल-पिवळी केली होती, म्हशीच्या गळ्यात कवड्या, कपाळावर मोरपिसाचा तुरा. थोरल्याला वहिनीनं नवा शर्ट घालून, डोक्याला पटका बांधून दारात खुर्चीवर बसवलं होतं. मी किक मारली. म्हैस सुटली. काय पळाली! शिट्ट्या, हलगी, पोरांचा दंगा. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या. साठ वर्षांच्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी शिट्टी वाजवली नव्हती. माझं डोकं फिरलं. गल्लीतल्या तालमीतलं एक पोरगं ओरडलं, "साहेब, हाक तर मारा की!" आणि मी गाडी थांबवून, तिच्यावर उभा राहून, दोन्ही हात वर करून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, "हाक कशाला पायजे? ही गाडीच्या आवाजाला येत्या! कुनीबी बसा, येत्या!"

आणि ते खरं करून दाखवायला मी खाली उतरून गाडी तालमीतल्या त्या पोराच्या हातात दिली. तो गेला, म्हैस त्याच्या मागं गेली. गल्ली हसली, टाळ्या पडल्या.

थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी जवळ जाऊन त्याच्या गुडघ्यावर थाप मारली, "काय दादा, पळविली का न्हाय?" मला वाटलं, आनंदानं रडतोय. इतका मी खुळा.

भाऊबीजेला सकाळी वहिनीचा फोन आला. एवढंच म्हणाली, "या." मी गेलो तर थोरला पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेला. गोठ्यात यायला पाय उचलेना. चहा घेतला नव्हता, गोळ्या घेतल्या नव्हत्या. मागं म्हैस रेकत होती, कास तटतटलेली, धार देत नव्हती.

वहिनी मला गोठ्यात घेऊन गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला एवढं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "भावजी, काल काय केलंसा कळतंय का? त्येंच्याकडं दुसरं काय हुतं वो? शाळा न्हाय, नोकरी न्हाय, बोलनं गेलं, हात गेला. एक ती म्हस त्येंची हाय, दुसऱ्या कुनाला येत न्हाय, येवढंच हुतं. ते बी तुमी सगळ्या गल्लीम्होरं काढून घेतलंसा."

"पण मी त्याला विचारलं होतं वहिनी. तो हो म्हणाला."

"हात हालवून न्हाई म्हनत हुते! मला कळत हुतं, तुमाला कळंना व्हय? मी आपली म्हटलं, करतायत भाऊभाऊ तर करू देत."

मी तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसलो. सगळ्या गावाला मी विचारत हिंडलो की कशासाठी जगता, आणि ज्यानं खरं उत्तर दिलं होतं त्याचं उत्तर मी तपासून, मोडून, वर टाळ्या घेऊन आलो होतो. मला माझीच शिसारी आली. वहिनी म्हणाली, "उद्या येतोय गडहिंग्लजचा पावणा. आता त्येंनीबी नगो म्हटलेलं न्हाय."

मी नदीपर्यंत चालत गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. माफी मागावी? माफी मागणं म्हणजे, मी बोललो ते खरं होतं, फक्त बोलायला नको होतं, असंच होणार. थोरल्याला माफी नको होती. त्याला मी खोटा पडायला हवा होतो.

दुपारी मी तालमीत गेलो आणि त्या पोराची गाडी मागून घेतली. पुंगळी काढलेली, नवी, थोरल्याच्या गाडीपेक्षाही मोठा आवाज. त्याला सांगितलं, दादाची गाडी चालू होईना. ती चालू होऊ नये म्हणून मी आधीच तिच्या प्लगची वायर काढून खिशात घातली होती. मग घरी येऊन वहिनीला आणि पेंटरला म्हटलं, थोरल्याला खुर्चीसकट दारात आणा. तो डोळे मिटून हातपाय ताठ करून बसला. पेंटरनं मला विचारलं, "आता काय करताय?" मी म्हटलं, "बघा."

चारला गल्ली पुन्हा भरली. मी गर्दीसमोर जाऊन कालच्यासारखाच मिजाशीत ओरडलो, "काल बघितलंत ना? गाडीच्या आवाजाला येत्या! आज ह्या गाडीच्या मागं दावतो!" आणि सुटलो. गाडी नुसती गर्जत होती. गल्लीच्या टोकाला जाऊन मागं बघितलं, तर म्हैस जागच्या जागी उभी. कान हलवून माशा वारत होती.

परत आलो. पुन्हा गेलो. हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या, हात ओवाळले. म्हैस माझ्याकडं बघून रवंथ करत राहिली. पहिल्यांदा एक हसला, मग सगळे. "ओ साहेब, आवाज तर हाय की, म्हस कुठं हाय?" "साहेब, मीटर बंद पडला!" "काल भाड्यानं आनलीती काय?" मी सहा फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला गाडी घसरली आणि मी शेणात बसलो. ते काही मी ठरवून केलं नव्हतं. गल्ली कोसळली.

मी तिथूनच दाराकडं बघितलं. थोरल्यानं डोळे उघडले होते. तो माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या तोंडाची डावी बाजू वर चढत होती. मग खांदे हलायला लागले. श्रावणापासून पहिल्यांदा तो हसत होता, माझ्यावर, पोटभर. मला इतकं बरं वाटलं की उठायचं सुचेना.

आणि मग त्यानं मान ताठ केली. छाती भरून घेतली. तोंड जुळवायला लागला. मला कळलं, तो हाक मारणार आहे.

हे मी धरलंच नव्हतं. मला तिथून ओरडून सांगावंसं वाटलं, दादा, नको. कारण मला ठाऊक होतं, आता त्यानं हाक मारली आणि ती आली नाही, तर मग काहीच उरणार नाही. त्याची गाडी बंद, वायर माझ्या खिशात. गल्लीलाही काहीतरी कळलं असावं, हसणं थांबलं. वहिनीनं पदर तोंडाशी धरला.

"ह्…आ," थोरला म्हणाला. जुन्या हाकेसारखं त्यात काही नव्हतं. घोगरा, वाकडा, तुटका आवाज, चार पावलांवर विरला.

म्हैस उभीच राहिली. मी शेणात बसलेलो. देवाचं नाव मी कधी घेत नाही, तेव्हा घेतलं.

तिनं एक कान मागं फिरवला. मग दुसरा. आणि वळली. पळाली नाही, काही नाही, बाजारात निघालेल्या बाईसारखी सावकाश चालत दारापर्यंत गेली आणि तिनं थोरल्याच्या मांडीवर नाक ठेवलं. शिंगाचा लाल रंग त्याच्या नव्या शर्टाला लागला. शिट्टी कुणी मारली नाही. पेंटर तेवढा म्हणाला, "वा." मी मात्र लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो, सगळ्यांदेखत, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

ती का आली, मला माहीत नाही. कास सकाळपासून भरलेली होती, धारेची वेळ झाली होती, गोठ्याची वाट त्याच्या खुर्चीवरूनच जात होती. किंवा ती त्याच्या हाकेला आली. तपासायला फार अवघड नव्हतं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघितली असती तर दोन दिवसांत कळलं असतं. मी तपासलेलं नाही, तपासणारही नाही.

थोरला डाव्या हाताचा आधार घेत उठला आणि वहिनीच्या खांद्यावर रेलून म्हशीबरोबर गोठ्यात गेला. बादली भरली. वहिनी बाहेर येऊन तोंड फिरवून मला म्हणाली, "पावण्याला फोन तुमीच करा."

मी केला. "पावणं, म्हस द्यायची न्हाय."

"का वो? बोली झालीती की आपली," तो म्हणाला.

"ती दुसऱ्याकडं न्हाय येनार," मी म्हटलं. मग तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या. असली इकू नये."

माझ्या डोक्यातला भुंगा गेलेला नाही. येरझाऱ्या आता त्या गोठ्यात घालतो, एवढाच फरक. फोन ठेवून मी गोठ्याच्या दारातल्या नळावर शेणाचे कपडे धूत बसलो होतो, तेव्हा आतून थोरल्याचा पुन्हा तसाच आवाज आला, "ह्…आ." म्हशीनं मान वर केली. मीही केली. हाक कुणाला होती ते कळायला मार्ग नव्हता. मी नळ बंद केला आणि ओल्या हातांनीच आत गेलो.